काका नाही, मोहन म्हण

मे महिन्यातला पहिला शनिवार, गेल्या वर्षीचा. बदकं मारायच्या सीझनचं ओपनिंग, म्हणजे पहिला दिवस. अजून उजाडलेलं नाही.

हजर: मोहनकाका, बंदूक. नितीन, बंदूक. वृंदा, म्हणजे मी, बंदूक नाही. थर्मास, डबा, हजेरी. जांभूळ, काळी लॅब्रॅडॉर, वय झालेली पण कामावर.

गैरहजर: सुनंदाकाकू, वर घरात, जाग्या. शेजारचा बॅरी, कुंपणापलीकडे स्वतःच्या तळ्यावर, बोलणं बंद.

मोहनकाकांच्या तळ्यावर ही हजेरी झाल्याशिवाय कोणी काडतूस भरत नसे. नावं मोठ्याने घ्यायची, ज्याने त्याने "आहे" म्हणायचं. कुत्रीचंही नाव घ्यायचं आणि तिच्या वतीने काकांनी "आहे" म्हणायचं. "कोण कुठे बसलंय हे माहीत नसताना बंदूक भरणं म्हणजे डोळे मिटून गाडी रिव्हर्स घेणं," असं ते म्हणत. त्या सकाळच्या हजेरीत एक गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती आणि कोणी उच्चारत नव्हतं. काकांना काचबिंदू झाला होता. समोरचं दिसायचं, बाजूचं जवळजवळ नाही. एवढं ओपनिंग करतो आणि बंदूक जमा करतो, असा त्यांनी शब्द दिला होता. म्हणजे एक सकाळ नीट पार पडायला हवी होती, एवढंच.

काका आणि मी इथल्या लोअर हट शहरातल्या एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये बरीच वर्षं एकत्र होतो. ते माती आणि उतारांचे तज्ज्ञ, मी प्रकल्पांची वेळापत्रकं सांभाळणारी. साइटवर निघण्याआधी कोण आलंय, कोणाकडे हेल्मेट नाही, हे मी बघायचे. ते निवृत्त झाले आणि ही सवय सोबत घेऊन गेले. मलाही, शनिवारपुरती.

मूळचे ते ठाण्याचे, सीकेपी. खाण्यात कशालाच ना नाही आणि केलेल्या स्वयंपाकाला चटकन हो नाही. अप्पर हटच्या मागचा डोंगर ओलांडला की एक अरुंद दरी लागते. तिथे त्यांनी दहा एकर घेतले तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता कोथिंबीर आणि अळू लावतील. पण जमिनीच्या खालच्या कोपऱ्यात एक तळं होतं. फार मोठं नाही. या काठावरून मारलेली हाक त्या काठाला आरामात पोचेल एवढंच. दोन बाजूंना राउपो, म्हणजे माणसाच्या डोक्यावर जाणारं पाणगवत. एका बाजूला विलोची झाडं, उरलेल्या बाजूला मोकळं पॅडक, म्हणजे कुंपण घातलेलं चराऊ रान. बॅरीच्या घरात आजोबांपासून मेंढ्या. तो पहिल्याच हिवाळ्यात फाटकाशी आला आणि म्हणाला, "मो, ती बदकं तू मारणार आहेस की नुसती बघत बसणार आहेस?"

काकांनी दोन्ही शिकून घेतलं. बॅरीकडूनच.

दिसायला बुटके, रुंद, कानांवर लोकरी टोपी. घरात जँडल, म्हणजे रबरी चपला, बाहेर गमबूट, आणि दोन्हींची जागा दाराशी ठरलेली. बोलणं सगळं आज्ञार्थी. "बस." "धर." "आधी खा, मग सांग." फोनवर हॅलो म्हणायचे नाहीत, "बोल" म्हणायचे. कोणाचंही कौतुक करायचं झालं तर "चालेल" म्हणत, आणि त्यांच्या तोंडून चालेल ऐकायला आम्ही सगळे धडपडत असू. शिकार हा शब्द त्यांना आवडत नसे. "शिकार वाघाची, राजेलोकांची. आपण बदक मारतो आणि खातो. काम आहे ते."

नव्या माणसाला शिकवायची त्यांची एक पद्धत होती. पहिला पूर्ण सीझन बंदूक नाही. नुसतं येऊन मायमायमध्ये बसायचं. मायमाय म्हणजे काठावरची लपायची खोपी. लाकडी सांगाडा, वरून जाळी, जाळीत खोचलेलं राउपो आणि फांद्या. आत एक फळीचं बाक पुढे, एक मागे. तिथे बसून वर बघायचं नाही, कारण बदकाला उंचावरून पहिल्यांदा दिसतो तो माणसाचा पांढरा चेहरा. "आपला चेहरा इतका काही पांढरा नाही काका," असं कोणी म्हणालंच तर ते म्हणत, "चष्मा चमकतो. शहाणपणा नको."

मग वारा. बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणून वारा आपल्या पाठीमागून यायला हवा. खोटी बदकं पाण्यात सोडायची ती गोलात नाही. मधे मोकळी जागा ठेवायची, पाहुण्यांना बसायला सतरंजी ठेवतात तशी. छरे पोलादी, शिशाचे पाण्यावर चालत नाहीत. ओळखू आल्याशिवाय चाप नाही. तळ्यावर टिबुकलीसारखे इथले छोटे पक्षी असत आणि त्यांच्याकडे नळी वळवणाऱ्याला ते सरळ गाडीत बसवून घरी पाठवत. लहान तळं असेल तर एका वेळी दोनच बंदुका. आणि लहान तळ्याला विश्रांती हवी. एकदा बार झाले की पुढचे दोन आठवडे तिकडे फिरकायचं नाही, संध्याकाळी तर नाहीच, कारण संध्याकाळी ती झोपायला येतात. "झोपायला आलेल्याला मारलं की तो परत येत नाही. तुम्ही तरी याल का?"

सगळ्यात महत्त्वाच्या दोन खुंट्या. मायमायच्या पुढे, डावीकडे आणि उजवीकडे, भगव्या रंगाने रंगवलेल्या. नळी त्या दोन खुंट्यांच्या मधेच राहायची. बदक कितीही सोपं असो, खुंटीपलीकडे गेलं की ते गेलं.

एका मार्चमध्ये त्यांनी आमच्या मराठी मंडळींपैकी हौशी लोकांना बोलावून हे सगळं समजावलं. त्यात नितीन होता. पुण्याचा, आयटीतला, पोरिरुआला राहणारा, तिशीतला, लांबट आणि लाजरा. त्याच्या आई तेव्हा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. स्वेटरवर शाल घेऊन त्या घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि हे सगळं नापसंतीने पाहत होत्या. खुंट्या दाखवून झाल्यावर काका म्हणाले, "आता मुख्य. बंदूक हातात असताना मी काका नाही. मोहन. माझी नळी खुंटीबाहेर गेलेली दिसली तर 'मोहन, खाली!' एवढंच ओरडायचं. म्हणा."

कोणी म्हणेना.

"अहो, म्हणा. पगार कापत नाही."

"मोहन... काका," नितीन म्हणाला, "खाली घ्या."

"घ्या? घ्या काय? श्रीखंड घ्या?"

सगळे हसले. नितीनच्या आई हसल्या नाहीत. "अहो पण शोभतं का ते? बापाच्या वयाच्या माणसाला एकेरी?"

"वहिनी, छरे वय विचारत नाहीत."

"म्हणून काय नावाने हाका मारायच्या?"

"ऑफिसात मारतातच ना. तुमचा मुलगा त्याच्या साहेबाला डेव्ह म्हणतो. डेव्ह माझ्यापेक्षा मोठा आहे."

"ते इंग्रजीत," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत चालतं."

काकांनी टोपी कानांवर ओढली. त्यांनी नितीनला तळ्याच्या पलीकडच्या काठावर उभं केलं आणि तिथून ओरडायला लावलं. आधी पुटपुट, मग अर्धवट, शेवटी एकदाचं खणखणीत "मोहन!" आलं. विलोतून दोन पॅराडाइज बदकं ओरडत उडाली. नितीनचे कान लाल झालेले इकडून दिसत होते. आणि लगेच त्याच दमात तो म्हणाला, "सॉरी काका."

"चालेल," काका म्हणाले.

नितीनने सांगितल्याप्रमाणे एक पूर्ण सीझन नुसता बसून काढला. मग बंदुकीचा परवाना काढला, अभ्यास करून, परीक्षा देऊन. त्याचं पहिलं बदक मला लख्ख आठवतं, कारण त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत घरी गेलो नाही. बदक पंखाला लागून राउपोत पडलं आणि नाहीसं झालं. काकांनी दोन्ही बंदुका उघडून काडतुसं बाहेर काढली आणि जांभूळला सोडलं. तिलाही सापडेना. मग काका स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरले. मे महिन्याचं पाणी, आणि इथे दक्षिण गोलार्धात मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड. काठावर अजून दंव पांढरं होतं. नितीन म्हणाला, "काका, राहू द्या ना, गेलं असेल ते." काका थांबले नाहीत, मागेही वळले नाहीत. "कुठे गेलं असेल? विमानाने?"

ते सापडलं तेव्हा जिवंत होतं. काकांनी मनगटाच्या एका झटक्यात मान मोडली आणि बाहेर येऊन ते नितीनच्या हातात दिलं. "धर. गरम आहे ना?"

"हो."

"मजा वाटते?"

"नाही."

"मग तू ये पुढच्या वेळी. ज्याला मजा वाटते त्याला मी बोलवत नाही." त्यांचे ओठ निळे पडले होते. घरी गेल्यावर काकूंनी त्यांना शेकोटीपाशी बसवलं आणि आमच्या सगळ्यांशी तासभर बोलल्या नाहीत.

बदकं गॅरेजमध्ये सोलली जात. पिसं गोणीत, आतडी खड्ड्यात, हात गरम पाण्यात, आणि मग स्वयंपाकघर. काकू भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण लावून बदक इतकं सावकाश शिजवत की वास पॅडकमध्ये यायचा. पहिल्यांदा माझी मुलगी सोबत आली तेव्हा ताटाकडे बघत बसली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतच. "काका, धिस इज सो सॅड," ती म्हणाली.

"आहेच," काका म्हणाले. "रस्सा घे."

डोळ्यांचं कधी सुरू झालं ते नक्की सांगता येत नाही. आधी फाटकाच्या खांबाला यूटचा, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या त्यांच्या गाडीचा, आरसा लागला. मग दुसऱ्यांदा लागला. मग बाकावर त्यांच्या डाव्या बाजूला बसलेल्या माणसाशी ते बोलेनासे झाले. आम्हाला वाटलं रागावलेत. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, औषधाचे थेंब दिले, गेलेलं परत येणार नाही हेही सांगितलं. काकांनी मोटरवेवर गाडी चालवणं स्वतःहून बंद केलं. बंदूक बंद केली नाही.

त्या ओपनिंगच्या आदल्या सीझनच्या शेवटी बॅरी एका सकाळी त्यांच्यासोबत मायमायमध्ये बसला होता. बाहेर आला तो सरळ आमच्यासमोर काकांना म्हणाला, "मो, संपलं तुझं, मेट. आज दोनदा तुझी नळी माझ्या नाकासमोरून गेली. बंदूक ठेवून दे." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. काकांनी थर्मासचं झाकण लावलं आणि घराकडे चालू लागले. त्यानंतर बॅरीशी बोलणं बंद. कुंपणापाशी बॅरी हात वर करायचा. काकांना खरंच दिसत नसेल, किंवा दिसत असेल.

काकू मला फोन करून सांगत. "मी सांगून थकले गं. बायकोचं काय ऐकतात? तुमचं ऐकतील." नितीन म्हणायचा, "वृंदाताई, तू सांग. मी त्यांना काय सांगणार?" तेव्हा एप्रिलमध्ये मी गेले आणि सांगितलं. काका लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बॅरीने शिकवून पाठवलं?"

"काकूंनी. आणि मलाही दिसतं काका."

"तुला दिसतं. बरं आहे." दोन पाकळ्या सोलून झाल्या. "ओपनिंग करतो. एक सकाळ. सोमवारी बंदूक जमा. तुझ्या यादीत लिही."

मी लिहिलं.

"नितीनला माझ्या डाव्या हाताला बसव. तो बघेल. डावा डोळा माझा तो. कसं ओरडायचं ते त्याला शिकवलंय."

हा त्यांचा तोडगा होता आणि तेव्हा मला तो व्यवस्थित वाटला. कामाची जबाबदारी नेमून दिलेली, सूचना स्पष्ट, सराव झालेला. नितीनलाही अभिमान वाटला होता. फोनवर तो म्हणाला होता, "काकांनी मला स्वतः सांगितलं."

तर तो शनिवार. हजेरी झाली. उजाडता उजाडता पहिला थवा आला आणि उंचावरून गेला. मी मागच्या बाकावर होते. मला दोघांच्या पाठी आणि त्यांच्यामधली फटीएवढी तळ्याची पट्टी दिसत होती. दरीतून दुसऱ्यांच्या बंदुकांचे आवाज येत होते, दारं आपटल्यासारखे. मग एक जोडी खाली उतरू लागली. नितीनने उभं राहून नर पाडला, स्वच्छ, डाव्या राउपोच्या कडेला.

"चालेल," काका म्हणाले. नितीनने बंदूक उघडून बाजूला ठेवली. जांभूळ पाण्यात गेली. काकांनीही बंदूक उघडली. तो आवाज मी ऐकला. मी चहा ओतायला घेतला.

मादी फिरून परत आली होती. अशी ती कधी कधी येते, खाली, पाण्यालगत, जोडीदार पडला तिकडेच. काकांची बंदूक बंद झाल्याचा आवाजही मी ऐकला. मला वाटलं ठेवून देताहेत. मान वर करेपर्यंत त्यांची पाठ डावीकडे वळत होती आणि वळतच गेली.

"काका," नितीन म्हणाला. "काका, काका, एक मिनिट, जांभूळ आहे, काका—"

बार झाला.

त्यानंतरचा आवाज मी लिहिणार नाही.

नितीन पाण्यात उडी टाकून गेला आणि तिला उचलून घेऊन आला. छरे मानेत आणि खांद्यात गेले होते. मी प्राण्यांच्या दवाखान्याला फोन लावला, त्यांनी लगेच आणायला सांगितलं, पण तिला यूटपर्यंत न्यायच्या आतच ते संपलं. काका मायमायच्या दाराशी उभे होते आणि विचारत होते, "कुठे आहे? कुठे आहे ती?" ती त्यांच्या डाव्या बाजूला, दोन पावलांवर, नितीनच्या हातात होती.

मग त्यांनी तिला हाताने शोधलं. बराच वेळ कान चाचपत होते. आणि मान न वळवता नितीनला म्हणाले, "नाव घ्यायचं ठरलं होतं ना आपलं?"

नितीन म्हणाला, "जमलं नाही, काका."

कुंपणावरून बॅरी आला. त्याने आमचं ओरडणं ऐकलं असावं. त्याने बाकावरची काकांची बंदूक उघडली, उरलेलं काडतूस काढून खिशात टाकलं, परत गेला आणि फावडं घेऊन आला. खड्डा त्याने आणि नितीनने खणला. काकूंनी स्वतःची एक जुनी सुती साडी आणून दिली. काका घरात जाऊन बसले आणि गमबूट काढायला विसरले. लाकडी जमिनीवर दारापासून खुर्चीपर्यंत चिखलाचे ठसे होते. त्या घरात तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी बंदूक जमा झाली. दोन जमा झाल्या. नितीनने परवानाही परत केला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

नंतरच्या महिन्यांत काका झपाट्याने उतरले. डोळ्यांचं होतंच. जुलैमध्ये पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळत राहिलं. मी ऑफिस सुटल्यावर रुग्णालयात जायचे, काकूंना घरून आणलेलं काहीतरी खायला लावायचे. नितीन शनिवार-रविवार यायचा, काकांच्या पायांशी उभा राहायचा, "कसं वाटतंय काका?" म्हणायचा आणि काकू बाहेर गेल्या की त्यांच्या मागोमाग तोही जायचा. एकटा त्यांच्यासोबत कधी थांबला नाही.

एका संध्याकाळी काकू खाली मुलाला सिडनीला फोन लावायला गेल्या होत्या. खिडकीबाहेर हटच्या डोंगरांवर ढग उतरलेले. काकांचं तोंड खिडकीकडे होतं, पण त्यात त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

"वृंदा आहे का?"

"आहे."

"एकटी?"

"हो."

बोलायला त्यांना वेळ लागत होता. शब्द एकेक करून येत होते, मधे थुंकी पुसावी लागत होती. मी इथे सलग लिहिते आहे, तसं ते सलग नव्हतं.

"नितीनने हाक मारली ती मी ऐकली होती."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"नीट ऐकली. नाव घेतलं काय आणि काका म्हणाला काय. आवाजावरून कळतं ना. कुत्री तिकडे आहे म्हणाला, तेही ऐकलं. कळलं मला."

"मग काका?"

"ते बदक बरोबर समोर होतं गं. इतक्या दिवसांनी मला एक बदक पूर्ण दिसत होतं. डोकं, चोच, पंख. सगळं. मला वाटलं, हे शेवटचं. एवढं घेतो." त्यांचा डावा हात चादरीवर काहीतरी चाचपत राहिला. "आणि मग पोरावर ढकललं. सगळ्यांसमोर."

"तुम्ही सांगा ना त्याला. शनिवारी येतोय तो."

"त्याचं तोंड दिसत नाही मला आता. तोंड न बघता असलं सांगू नये." मग जुन्या आवाजात, "तू सांग. लिही यादीत."

मग काकू आल्या आणि मुलगा काय म्हणाला ते सांगू लागल्या. निघताना मी दारातून वळून पाहिलं. काकूंनी टोपी त्यांच्या कानांवर ओढून दिली होती, ते काकूंकडे डोकं पूर्ण वळवून, हनुवटी वर करून, त्या नक्की कुठे आहेत ते शोधत होते. तेच मी पाहिलेले शेवटचे काका. शुक्रवारी पहाटे गेले. नितीन शनिवारी आला तो थेट स्मशानाच्या तयारीलाच.

आता पुन्हा मे येऊन गेला. ओपनिंगला तळ्यावर कोणी नव्हतं. बंदुका दरीभर वाजत होत्या आणि बदकं काकांच्या तळ्यावर येऊन बसत होती, कारण तिथेच शांतता होती. काकू मोजत नव्हत्या, मीही मोजली नाहीत.

नितीन दर शनिवारी पोरिरुआहून येतो. पन्हाळी साफ करतो, गवत कापतो, पाण्याचा पंप बघतो, लाकडं फोडतो, काकूंना आठवड्याचं सामान आणून देतो. बॅरीने त्याला चेनसॉ चालवायला शिकवलं. कधी कधी त्याची बायको म्हणते, निदान एक शनिवार घरी थांब, थांबत नाही. काकू सगळ्यांना सांगतात, "माझा मुलगा सिडनीला बसलाय. हा नसता तर मला हे घर केव्हाच विकावं लागलं असतं." ते खरं आहे. त्यांना दुसरीकडे कुठे राहायचं नाही आणि एकटीने तिथे राहणं शक्य नाही.

एकदा चहा घेताना मी त्याला सहज विचारलं, "दमत नाहीस का रे? दर आठवड्याला?" तो कपात बघत म्हणाला, "वृंदाताई, मी एक शब्द उच्चारला असता तर जांभूळ वाचली असती. काका पण कदाचित." आणि उठून पंपाकडे गेला.

त्याला सांगितलं तर तो सुटेल. सुटला तर कदाचित येणार नाही. कदाचित तरीही येईल, आणि आला तरी कोणाच्या घरी येतोय हे त्याला माहीत असेल. काकूंना हे कळलं तर त्यांचं काय होईल, तो हिशेब मला मांडता येत नाही, आणि मला सहसा मांडता येतो.

या आठवड्याची कामं: पन्हाळी झाल्या. फाटकाची बिजागरी बदलली. काकूंची डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ घेतली. नितीनला सांगायचं राहिलं.